नमुना हुकला

सोमवारी सकाळी सहा वाजून बावन्न मिनिटांनी संशोधन केंद्राच्या होडीवरून ड्रोन उडाला. सात वाजून एक मिनिटाने देवमाशाची मादी पाण्याखाली गेली. तिचं पिल्लू वरच राहिलं.

मादी बुडाली तेव्हा ड्रोन तिच्यापासून पस्तीस मीटरवर होता आणि नुकताच खाली यायला लागला होता. त्याच्या पोटाखाली काचेच्या चार उघड्या बशा बांधलेल्या होत्या. देवमासा श्वास सोडतो तेव्हा जो फवारा उडतो तो या बशांत झेलायचा आणि प्रयोगशाळेत त्यावरून जनावराचं दुखणंखुपणं ओळखायचं, असं हे काम. त्यासाठी चार मीटरपर्यंत खाली यावं लागतं. मादी तर गेली होती, म्हणून ड्रोन पिल्लावर आला. त्याच्याखाली पिल्लाने दोन मिनिटं चाळीस सेकंदांत अकरा श्वास घेतले. सात वाजून सहा मिनिटांनी ड्रोन होडीवर उतरला. तोवर मादी वर आलेली कोणाला दिसली नव्हती.

साडेनऊला केंद्रातल्या मोजणी कक्षात फोन वाजला. ड्रोन उडवणारा बोलत होता. त्याला सगळे पायलट म्हणत. आधीची दहा वर्षं त्याने कारखान्यांच्या छपरांची पाहणी करण्यात घालवली होती, आणि छपरं बुडत नाहीत, हे तो अधूनमधून सांगायचा.

"ताई, आजच्या पहिल्या फेरीला काय लिहू? नमुना हुकला का नमुना मिळाला?"

"मिळाला की नाही?"

"आईचा हुकला, पिल्लाचा मिळाला. सरांना फोन लावला होता. म्हणाले, हात हलवत येऊ नकोस, पिल्लाचा घे."

"मग मिळाला लिहा."

"मिळाला लिहिलं की पुढचा रकाना येतो ना. प्राण्याची प्रतिक्रिया."

"पिल्लाने काय केलं?"

"काही नाही. होतं तिथेच होतं. जाणार कुठे बिचारं? आईएवढं खोल त्याला जाता येत नाही. मग 'प्रतिक्रिया नाही' असं लिहू?"

तिने हातातलं स्टॉपवॉच टेबलावर ठेवलं.

"ताई? लाइन गेली का?"

"नाही. थांबा. तो रकाना तसाच ठेवा."

"रिकामा?" पायलट हसला. "तुम्ही? तारीख लिहून ठेवतो."

त्याला हसू येणं साहजिक होतं. केंद्रात तिचं नाव सेकंदबाई पडलं होतं. नऊ वर्षं ती याच खोलीत, दोन पडद्यांसमोर, हातात स्टॉपवॉच घेऊन ड्रोनने टिपलेली चित्रं बघत होती. देवमाशाने कधी श्वास घेतला, कधी वळला, कधी शेपूट आपटली, याची सेकंदासकट नोंद. शेजारच्या खोलीत नमुन्यांची शीतपेटी दिवसभर घरघरत असायची. पेटी बंद पडली तर आधी सेकंदबाईला कळेल, असं सफाईवाली म्हणायची, कारण तिचा आकडा चुकेल.

तिचा आकडा चुकत नाही, अशी ख्याती होती. त्याच आकड्यांवर चौथा तक्ता उभा होता आणि त्या तक्त्यावर येत्या गुरुवारची बैठक. आतापर्यंत संशोधन सोडून कोणालाही देवमाशांच्या साठ मीटरच्या आत ड्रोन नेता येत नसे. परवाना समितीपुढे प्रस्ताव होता, की ही मर्यादा सगळ्यांसाठी दहा मीटर करावी, पर्यटनाच्या होड्यांसकट. आधार एकच होता. केंद्राच्या चौथ्या तक्त्यानुसार ड्रोन जवळ आल्यावर शेकडा फक्त चार देवमाशांनी काही प्रतिक्रिया दिली होती. बाकीचे शांत.

तिने सकाळचं चित्रीकरण उघडलं. पायलटने सांगितलं तसंच होतं. मादीची पाठ कमानीसारखी वर आली, शेपूट उभी राहिली, गेली. पिल्लू तिथल्या तिथे गोल फिरलं. एकदा, दोनदा, सहा वेळा. मग थांबलं आणि ड्रोनखाली श्वास घेत राहिलं.

एकाच फेरीत दोन जनावरं. जे पळालं त्याच्या नावावर 'नमुना हुकला'. ज्याला पळता येत नव्हतं त्याच्या नावावर 'प्रतिक्रिया नाही'. पहिलं तक्त्यात येणार नव्हतं. दुसरं येणार होतं.

हा नियम कोणी केला हे तिला पक्कं ठाऊक होतं.

तीन वर्षांपूर्वी नमुन्यांच्या या फेऱ्या सुरू झाल्या तेव्हा पहिल्या एकोणीसपैकी सात फेऱ्यांत ड्रोन पोचायच्या आतच देवमासा बुडाला होता. पाण्याखालच्या जनावराचे श्वास मोजणार कसे? शिवाय देवमासा एरवीही बुडतोच. तो ड्रोनला भिऊन गेला का त्याला जायचंच होतं, हे सांगता येत नाही. तेव्हा तिने एक ओळ लिहिली: प्राणी चौकटीत सलग साठ सेकंद दिसला नाही तर ती फेरी गणतीत धरू नये. सरांनी त्या ओळीखाली दोन रेघा मारल्या आणि म्हणाले, "अशी माणसं हवीत. शंका आली की बाजूला काढणारी." पुढे ती ओळ केंद्राच्या शोधनिबंधात छापून आली. मग इतर पाच केंद्रांनी ती जशीच्या तशी उचलली.

बाजूला काढलेल्या फेऱ्यांसाठी संगणकात एक फोल्डर होतं. त्यात टाकायचं आणि पुढचं उघडायचं, अशी हाताला सवय झालेली. फोल्डर उघडून बघायचं कारण कधी पडलं नव्हतं. सोमवारी दुपारी तिने ते उघडलं. दोनशे चौदा फेऱ्यांपैकी सत्त्याण्णव त्यात होत्या.

सोमवारची दुपार आणि मंगळवारचा अख्खा दिवस तिने त्या सत्त्याण्णव फेऱ्या पाहिल्या. श्वास मोजायचे नव्हतेच. तिने एकच गोष्ट मोजली: ड्रोन खाली यायला सुरुवात करतो तो क्षण आणि देवमासा बुडतो तो क्षण, यांत किती सेकंद. देवमासे आपल्या मर्जीने बुडत असते तर सेकंद इकडे तिकडे विखुरले असते. कधी पंचवीस, कधी नव्वद, कधी ड्रोन उतरायच्या आधीच. तसे ते सव्वीस फेऱ्यांत होते. उरलेल्या एकाहत्तर फेऱ्यांत बुडी वीस सेकंदांच्या आतली होती. त्यांतल्या एकोणतीस वेळा सोबत पिल्लू होतं.

चारचे शेकडा पस्तीस झाले. तिने बेरीज तीनदा केली. तिन्ही वेळा तीच आली.

मंगळवारी संध्याकाळी पाचला ती घरी निघाली. घर धक्क्याला लागून. वर ती आणि नवरा, खाली धाकट्या दिराचं पर्यटन होड्यांचं कार्यालय. दीर दारातच खोकी फोडत बसला होता. फोमचे तुकडे पायरीपर्यंत उडाले होते.

"या, या! जिच्यामुळे हे सगळं, ती आली," त्याने आतल्या कामगाराला ओरडून सांगितलं. "वहिनी, हे बघा. चार घेतले. पाचवा वाटेत आहे."

ड्रोन तळहातापेक्षा थोडे मोठे होते, पिवळे. भिंतीवर नवा फलक टेकवलेला होता. त्यावर देवमाशाचा एक डोळा आणि खाली लिहिलेलं: दहा मीटरवरून भेट.

"गुरुवार जाऊ दे आधी," ती म्हणाली.

"गुरुवारी काय व्हायचंय? तुमचंच संशोधन ना? शेकडा चार." त्याने चार बोटं दाखवली. "मी तर प्रवाशांना पाठ करून सांगतो. आमच्या वहिनींनी एकेक सेकंद मोजलाय म्हणून."

"आकडा बदलू शकतो."

त्याचा हात खोक्यात राहिला. "म्हणजे?"

"म्हणजे मोजताना काही फेऱ्या धरल्याच नव्हत्या. पळालेल्या."

"बरं. मग आता त्या धरू नका."

"भाऊजी, चेष्टा नाही."

"चेष्टा मी करतोय? तीन वर्षं जेवताना तेच ऐकवलंत, देवमासे शांत, देवमासे शांत. माझी खोकी फुटल्यावर त्यांना भीती वाटायला लागली होय?" तो उठला आणि हात पँटला पुसले. "दादाला माहीत आहे?"

"नाही अजून."

"मग मी काही ऐकलं नाही," दीर म्हणाला आणि पुढचं खोकं ओढलं.

बुधवारी सकाळी पायलटने आपण होऊन सांगितलं, की मादी-पिल्लाची एक जोडी आखाताच्या तोंडाशी दिसली. शेपटीचा फोटो मिळाला नाही. शेपटीच्या खुणांवरूनच देवमासा ओळखता येतो, तेव्हा ती सोमवारचीच जोडी का दुसरी, सांगता येणार नाही. "लांबूनच बघितलं," तो म्हणाला. "ड्रोन पेटीतच ठेवला. म्हटलं, एक दिवस छप्पर समजून सोडून देऊ."

चार वाजता ती सरांच्या खोलीत गेली. केंद्राचे प्रमुख म्हणून त्यांची ही शेवटची दोन वर्षं होती. टेबलावर बैठकीची फाइल बांधून तयार होती, वर चिठ्ठ्या चिकटवलेल्या.

"बस. चहा?"

"नको, सर." तिने कागद पुढे केला.

त्यांनी तो वाचला. चष्मा काढून परत वाचला. "किती जणांना सांगितलंस?"

"तुम्हाला. घरी अर्धवट."

"अगं, देवमासा आहे तो. बुडणं हाच त्याचा धंदा. आपण नसतो तरी बुडला असता."

"वीस सेकंदांच्या आत, सर. एकाहत्तर वेळा."

"सव्वीस वेळा नाही बुडला."

"ते मी तक्त्यात धरलेलं आहे. ते लपवायचं नाहीये."

सर खिडकीकडे बघत राहिले. बाहेर होडीचा नळीने धुतला जाणारा तळ दिसत होता. "आणि हे तुला तीन वर्षं नाही दिसलं?"

"मी बघितलंच नाही. बघायचं नाही असा नियम होता. माझाच."

"तुझा एकटीचा राहिलाय का तो आता? पाच केंद्रं वापरतात. मागच्या परिषदेत त्यांतल्याच एका केंद्राचा तो दाढीवाला उभा राहून तुझं नाव घेऊन बोलला. मी ऊर भरून ऐकत बसलो होतो." त्यांनी कागद फाइलवर ठेवला, पण फाइलच्या आत नाही. "बैठक उद्या अकराला. आज चार वाजता त्यांना सांगू, की आमचा तक्ता उलटा वाचा?"

"उलटा नाही. पूर्ण."

"समितीला दोन आकडे दिले की ते तिसराच काढतात. गेली वीस वर्षं बघतोय. ते म्हणतील, केंद्रालाच खात्री नाही. मग आपले श्वासाचे नमुनेही बंद. जे काम देवमाशांच्या भल्याचं आहे तेच आधी मरेल. हे हवंय तुला?"

हा मुद्दा खोटा नव्हता. तिने तो सोमवारपासून स्वतःशी चारदा मांडला होता.

"तक्ता मागे घेऊ या. कारण सांगून. बैठक महिनाभर पुढे जाईल."

"पुढच्या वर्षीच्या अहवालात टीप देऊ. सविस्तर. तूच लिही."

"पुढच्या वर्षी दहा मीटर लागू झालेलं असेल, सर."

"मग नंतर वाढवतील." त्यांनी चष्मा परत लावला. "तुझं कायम करण्याचं पत्र माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. सही झालेलं. धमकी देत नाहीये."

"मग ड्रॉवरचं का सांगितलंत?"

"तू विसरलीस असं वाटलं."

ती विसरली नव्हती. नऊ वर्षं दर वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात ती त्या पत्राची वाट बघत आली होती आणि दर वेळी अकरा महिन्यांचं नवं कंत्राट हातात पडत होतं.

बाहेर येऊन तिने नवऱ्याला फोन लावला. तो बंदरात क्रेन चालवायचा, कामावर फोन उचलत नसे. आज उचलला.

"काय झालं?"

तिने चार वाक्यांत सांगितलं.

"चूक कोणाची?"

"माझी."

"कळली कधी?"

"सोमवारी."

"आज बुधवार आहे," तो म्हणाला. "ठेवतो, माल हवेत लटकलाय."

पाच वाजून चाळीस मिनिटांनी तिने समितीच्या सचिवांना पत्र पाठवलं. वरिष्ठांमार्फत नाही, थेट. आठ ओळींचं. पहिली ओळ 'ही चूक माझी आहे' अशी होती. सोबत सत्त्याण्णव फेऱ्यांचे सेकंद आणि नवा तक्ता. प्रत सरांना. अर्ध्या मिनिटात उत्तर आलं: आपले पत्र प्राप्त झाले, क्रमांक अमुक. ते यंत्राने पाठवलेलं होतं.

गुरुवारी समितीने सातवा विषय, ड्रोनच्या मर्यादेचा, अकरा मिनिटांत संपवला. हे इतिवृत्तात छापलेलं आहे. केंद्राच्या प्रमुखांनी चौथा तक्ता मांडला. एका सदस्याने विचारलं, नमुने घेणं चालू राहील ना? प्रमुख हो म्हणाले. दुसऱ्याने विचारलं, पिल्लांचं काय? प्रमुखांनी सांगितलं, पिल्लंही शांत असल्याचं आढळलं आहे, अगदी या सोमवारचंही उदाहरण आहे. दहा मीटरची मर्यादा एकमताने मंजूर झाली. त्याखाली एक ओळ: विषयासंबंधी एक पत्र प्राप्त, ते अभिप्रायासाठी संबंधित केंद्राकडे पाठवावे.

सोमवारच्या फेरीचा रकाना मग कोणी भरला, हे तिने शुक्रवारी पायलटला विचारलं.

"मी नाही," पायलट म्हणाला. "मी रिकामाच दिला होता. सरांनी बैठकीआधी मागवून घेतला." मग त्याने विचारलं, "ताई, मला बोलवतील का कुठे?"

"बोलावलं तर काय सांगाल?"

"पोरांच्या शाळा चालू आहेत, ताई," तो म्हणाला.

त्याच संध्याकाळी दीर वर आला. भांडायला आला असता तर तिला सोपं गेलं असतं. पण तो खुर्ची ओढून बसला, नवऱ्याच्या ताटातलं उचलून खाल्लं आणि समजूत घातली.

"वहिनी, तुम्ही पत्र पाठवलंत म्हणे. जाऊ दे. मी मनात ठेवलं नाही. काही बिघडलं नाही ना त्याने."

"तू खाली जा," नवरा म्हणाला.

"अरे, मी चांगलं बोलतोय!"

"म्हणूनच सांगतोय, खाली जा."

पुढच्या सोमवारी तिची बदली ग्रंथालयात झाली. जुन्या काचपट्ट्यांवर नवी लेबलं लावायची. कंत्राट संपायला चार महिने आहेत. कायम करण्याच्या पत्राबद्दल सर काही बोलले नाहीत, तिने विचारलं नाही. जिन्यात भेटले की ते बाजूला होऊन तिला आधी जाऊ देतात. पूर्वी असं करत नसत.

ग्रंथालयातून तिने त्या पाच केंद्रांना लिहिलं. तुम्ही माझा नियम वापरता, तो चुकीचा आहे, बाजूला काढलेल्या फेऱ्या उघडून बघा. तिघांकडून काही आलं नाही. दाढीवाल्याने लिहिलं, की तुमचा प्रामाणिकपणा स्पृहणीय आहे, मात्र आमचा निबंध छपाईला गेला आहे. पाचव्या केंद्रातल्या एका मदतनीस बाईने स्वतःच्या पत्त्यावरून दोन ओळी पाठवल्या: आमच्या फोल्डरमध्ये एकशे चाळीस फेऱ्या आहेत. उघडायला परवानगी मागितली आहे.

समितीने पाठवलेलं तिचं पत्र केंद्रात पोचलं. त्यावर सरांच्या अक्षरात शेरा आहे: पद्धतीविषयीचा प्रश्न, मोजणी कक्षाने अभिप्राय द्यावा. आवक-जावक बघणाऱ्या कारकुनाने ते नेमाप्रमाणे मोजणी कक्षाच्या टेबलावर नेऊन ठेवलं. त्या टेबलावर तिच्यानंतर कोणाची नेमणूक झालेली नाही. दोन्ही पडदे झाकून ठेवले आहेत. अभिप्रायाला तीस दिवसांची मुदत आहे. मुदतीत अभिप्राय आला नाही तर काय समजावं, याबद्दल नियमावलीत काही नाही. तिने ती दोनदा वाचली.

आज बाविसावा दिवस. सकाळी सात ते नऊ या वेळात ग्रंथालयाच्या खिडकीतून तिने आखातावर अकरा ड्रोन मोजले. त्यांतले चार पिवळे होते.